थांबायला शिकवणारा वर्ग : नागरिकांसाठीच्या आपत्कालीन प्रतिसाद प्रशिक्षणाचा अनुभव

अग्निशमन दल, रुग्णवाहिका किंवा बचाव पथक पोहोचेपर्यंतच्या वेळात घटनास्थळी असलेल्या सामान्य माणसांनी काय करावे, हे शिकवणारा स्वयंसेवकांचा एक वर्ग मी अलीकडेच पूर्ण केला. एकूण सुमारे २४ तासांचे प्रशिक्षण चार दिवसांत विभागलेले होते. आम्ही २२ जण होतो, शिकवायला तीन प्रशिक्षक होते आणि शेवटच्या दिवशी एका रिकाम्या इमारतीत तीन तासांचा सराव घेण्यात आला. असा वर्ग करावा की नाही या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. वर्ग जरूर करावा, पण त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही हे समजून मग करावा. मी ज्या अपेक्षेने गेले होते ती पहिल्याच दिवशी मोडली, आणि ती मोडली हे फार बरे झाले असे आता वाटते.

माझी अपेक्षा काय होती, ते सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीच्या जिन्याखालच्या वीजमीटरच्या पेटीतून धूर येऊ लागला होता. आम्ही दहा-बारा जण जमलो, भिंतीवर अग्निशामक टांगलेले होते आणि ते कसे चालवायचे हे आमच्यातील एकालाही माहीत नव्हते. कोणी पाण्याची बादली आणली, कोणी त्याला अडवले, कोणी नुसतेच ओरडत राहिले. सुदैवाने एकाने मुख्य स्विच बंद केला आणि धूर निवळला. त्या दिवशीची असहायता माझ्या मनात घर करून राहिली. पुन्हा अशी वेळ आली तर आपल्याला काहीतरी करता आले पाहिजे, या एकाच विचाराने मी नाव नोंदवले. करण्याची ही उतावीळ घेऊनच बहुतेक जण आले होते, हे ओळखपरेडीतच कळले. पहिल्या तासाला प्रशिक्षकांनी नेमके त्या उताविळीवरच बोट ठेवले.

त्यांनी सुरुवात मेक्सिको सिटीपासून केली. १९ सप्टेंबर १९८५ रोजी त्या शहराला भूकंपाचा तडाखा बसला, तेव्हा तिथले सामान्य लोक कोणाच्याही आदेशाची वाट न पाहता ढिगाऱ्यांवर धावले. त्यांनी ८०० हून अधिक माणसांना जिवंत बाहेर काढल्याचे मानले जाते. मात्र सुमारे दोन आठवड्यांच्या त्याच बचावकार्यात या अप्रशिक्षित स्वयंसेवकांपैकी १०० हून अधिक जणांचा जीव गेला. लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने नागरिकांना शिकवण्याची कल्पना त्याच वर्षी आकाराला आणली. १९८७ मध्ये त्याच परिसरात झालेल्या व्हिटियर नॅरोज भूकंपाने तिची निकड अधिक स्पष्ट केली आणि १९९३ पासून अमेरिकेच्या संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने तो अभ्यासक्रम देशभर खुला केला. मी केलेल्या वर्गाचा सांगाडाही मुख्यतः त्याच अभ्यासक्रमाचा होता. हा इतिहास प्रस्तावनेपुरता सांगून सोडून दिला असता तर तो माझ्या लक्षातही राहिला नसता. परंतु प्रशिक्षकांनी ८०० आणि १०० हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि चारही दिवस ते पुसले नाहीत. पुढे प्रत्येक कौशल्य शिकवताना ते त्या दुसऱ्या आकड्याकडे वळत. हे करताना तुम्ही स्वतः जखमी झालात, तर बचाव करणारा एक माणूस कमी होतो आणि वाचवायला लागणारा एक माणूस वाढतो, हे त्यांचे म्हणणे आम्हाला शेवटी पाठ झाले.

पहिल्या दिवशी उरलेला वेळ घटनास्थळाचा अंदाज घेण्यावर गेला. काय घडले आहे, किती लोक अडकलेले असू शकतात, इमारत कितपत शाबूत आहे, गॅसचा वास येतो आहे का, विजेची तार लोंबकळते आहे का, आपल्याजवळ किती माणसे आणि कोणती साधने आहेत, आणि आत जाण्याआधी बाहेर पडण्याचा मार्ग ठरला आहे का, हे सगळे प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचे नाही, अशी शिस्त त्यांनी लावली. एकट्याने कुठेच जायचे नाही, नेहमी जोडीने जायचे आणि जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही, हा नियमही त्याच दिवशीचा. वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात प्रशिक्षकांनी पडक्या घराचे एक छायाचित्र पडद्यावर दाखवून आत शिराल का असे विचारले, तेव्हा २२ पैकी १७ हात वर झाले. मग त्यांनी त्याच छायाचित्राचा एक कोपरा मोठा करून दाखवला. पायापासून सुटलेली भिंत तिथे स्पष्ट दिसत होती, आणि ती आमच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिली होती.

दुसऱ्या दिवशीची सकाळ आगीची होती, आणि मी मुख्यतः तिच्यासाठीच आले होते. अग्निशामक वापरण्याच्या चार पायऱ्या आहेत. आधी पिन ओढायची, मग नळीचे तोंड ज्वाळांच्या टोकाकडे न धरता त्यांच्या बुडाशी रोखायचे, मूठ दाबायची आणि पावडर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत झाडू फिरवल्यासारखी फिरवायची. घरात किंवा जिन्यात असते त्या आकाराचे अग्निशामक काही सेकंदांतच रिकामे होते, हे मला माहीतच नव्हते. ते मिनिटभर तरी चालत असेल अशी माझी समजूत होती. या एका माहितीने आगीकडे बघण्याची सगळी दृष्टी बदलते. आग केराच्या डब्यापेक्षा मोठी असेल तर हात लावायचा नाही, पाच सेकंदांत ती आटोक्यात येताना दिसली नाही तर सोडून निघायचे, बाहेरचा दरवाजा कायम आपल्या पाठीमागे ठेवायचा आणि निघताना आगीकडे पाठ फिरवायची नाही, हे नियम त्यामुळे भित्रेपणाचे न वाटता हिशोबाचे वाटू लागतात. वीजपुरवठा आणि गॅस बंद करण्याला त्यांनी आग विझवण्यापेक्षा अधिक वेळ दिला, ते मला फार योग्य वाटले. आमच्या जिन्यातही शेवटी कामाला आला होता तो मुख्य स्विचच.

येथे माझी पहिली तक्रार आहे. प्रत्येकाला अग्निशामक प्रत्यक्ष चालवायची एकच संधी मिळाली, तीही मोकळ्या मैदानात, लख्ख उजेडात, पत्र्याच्या तसराळ्यात पेटवलेल्या छोट्या आगीवर. वारा कुठून येतो आहे हे आधीच सांगितलेले होते आणि धूर आमच्यापासून दूर जात होता. माझी पिन पहिल्या झटक्यात निघाली नाही, कारण घाबरून मी मूठ आधीच दाबून धरली होती आणि त्यामुळे पिन अडकून बसली होती. ही चूक दुसऱ्या फेरीत सहज सुधारली असती, पण दुसरी फेरी झालीच नाही. तीन प्रशिक्षक आणि २२ शिकाऊ हे प्रमाण व्याख्यानाला चालते, हाताच्या कामाला चालत नाही. साधने आणि वेळ यांची ओढाताण मी समजू शकते. तरीही एखाद्या व्याख्यानाला अर्ध्या तासाची कात्री लावून सर्वांना आणखी एकदा संधी द्यायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुपारपासूनचा पुढचा भाग जखमींच्या उपचारांचा होता, आणि या वर्गातला सर्वांत सकस भाग तोच. जीव पटकन घेणाऱ्या तीन गोष्टी कोणत्या, यापासून त्यांनी सुरुवात केली : बंद झालेला श्वासमार्ग, न थांबणारा रक्तस्राव आणि शॉक (विजेचा नव्हे, तर शरीराला पुरेसे रक्त न पोहोचण्याची अवस्था). बाकी सगळे नंतर. रक्तस्राव थांबवण्यासाठी जखमेवर थेट आणि न उचलता दाब द्यायचा. हातापायाच्या जखमेतून रक्त वाहतच राहिले तर टूर्निकेट, म्हणजे करकचून आवळायचा पट्टा, जखमेपासून दोन-तीन इंच वर आणि सांधा सोडून बांधायचा. तो किती वाजता बांधला ते लिहून ठेवायचे आणि नंतर आपण होऊन सैल करायचा नाही. एकमेकांच्या दंडावर हे बांधताना कळले की योग्य आवळलेला पट्टा चांगलाच दुखतो, आणि समोरचा कळवळला की आपला हात आपोआप ढिला पडतो. हे पुस्तकात वाचून कळण्यासारखे नाही. माझ्या जोडीला एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी माझ्या दंडावर पट्टा बांधला, माझा चेहरा पाहून अर्धा पीळ सोडला आणि मनगटाची नाडी तपासली, तर ती व्यवस्थित लागत होती. पट्टा घट्ट झालाच नव्हता. त्यांनी पुन्हा पीळ दिला, या वेळी माझ्याकडे न पाहता.

यानंतर आले जखमींचे वर्गीकरण, ज्याला वैद्यकीय क्षेत्रात ट्राएज म्हणतात. आम्हाला शिकवलेली पद्धत ‘स्टार्ट’ या नावाने ओळखली जाते आणि ती १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच येथील अग्निशमन दल आणि होग रुग्णालय यांनी तयार केली. मदत करणारे थोडे आणि जखमी पुष्कळ अशा वेळी कोणाकडे आधी वळायचे, हे ती ठरवते. ज्यांना चालता येते त्यांनी अमुक ठिकाणी यावे असे मोठ्याने सांगायचे. जे आले ते हिरवे, म्हणजे किरकोळ जखमी. उरलेल्यांकडे क्रमाने, जिथे उभे आहोत तिथून सुरुवात करून जायचे. श्वास चालू नसेल तर मान योग्य स्थितीत आणून श्वासमार्ग मोकळा करायचा. तरीही श्वास आला नाही तर काळी पट्टी, म्हणजे मृत समजायचा, आणि आला तर लाल, म्हणजे ताबडतोब उपचार लागणारा. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त असेल तर लाल. मनगटाची नाडी लागत नसेल, किंवा नखावर दाब देऊन सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर लाल. डोळे उघडा, माझा हात दाबा, अशी साधी सूचना पाळता येत नसेल तरीही लाल. या सगळ्यातून जो पार पडला तो पिवळा, म्हणजे काही काळ थांबू शकणारा. एका माणसापाशी एका मिनिटापेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही, आणि तेवढ्या वेळात श्वासमार्ग मोकळा करणे व मोठा रक्तस्राव रोखणे याखेरीज कोणताही उपचार करायचा नाही.

काळ्या पट्टीवर वर्गात जी चर्चा झाली, ती मी विसरू शकत नाही. आदल्याच तासाला आम्ही पुतळ्यांवर सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरते ठेवण्याचा उपचार, शिकलो होतो. छातीच्या मध्यावर दोन्ही हात ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहायचे, हे घाम गाळून केले होते. छातीवर बाहेरून दाब देण्याची ही पद्धत कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या अमेरिकी संशोधकांनी १९६० साली मांडली, तेव्हा त्यासाठी फक्त दोन हात पुरतात असे त्यांनी लिहिले होते, हेही सांगून झाले होते. आणि आता सांगितले जात होते की अनेक जखमी असताना श्वास थांबलेल्या माणसाला सीपीआर द्यायचे नाही, पट्टी बांधायची आणि पुढे जायचे. वर्गात शांतता पसरली. एका तरुणाने विचारले की तो माणूस माझा भाऊ असेल तर? प्रशिक्षकांनी उत्तर देण्याची घाई केली नाही. एकटा माणूस कोसळला असेल तेव्हा आपले दोन हात संपूर्णपणे त्याचे असतात. चाळीस जण जखमी असतील तेव्हा ते चाळीस जणांचे असतात, आणि एका माणसावर वीस मिनिटे खर्च झाली तर त्या वीस मिनिटांत फक्त दाब देऊन वाचू शकणारे दोघे-तिघे रक्तस्रावाने जातात, असे त्यांनी समजावले. मग म्हणाले, “भाऊ असेल तर तुमच्याकडून पट्टी बांधली जाणार नाही, हे आम्ही धरूनच चालतो. म्हणून तर जोडीदार असतो.” प्रशिक्षण माणसाच्या स्वभावाला धरून कसे रचावे, याचे याहून चांगले उदाहरण मी पाहिलेले नाही.

तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून माणूस काढण्याचे शिक्षण झाले. पहार, टेकू आणि लाकडी ठोकळे यांच्या साहाय्याने, तरफेच्या जोरावर, चार साध्या माणसांना काँक्रीटची जड फरशी कशी उचलता येते, हे पाहून अचंबा वाटतो. नियम एकच आहे : इंचभर उचलायचे आणि इंचभर ठोकळा सरकवायचा, म्हणजे पहार निसटली तरी वजन परत त्या माणसावर येत नाही. ठोकळे आडवे-उभे रचत चौकोनी चवड करायची, तिच्या खाली किंवा मध्ये हात घालायचा नाही, आणि एकाच माणसाच्या तोंडून आज्ञा सुटली पाहिजे. आम्ही खाली पुतळा ठेवून हे केले. पहिल्या प्रयत्नात तिघांनी तीन वेगवेगळ्या आज्ञा दिल्या आणि फरशी तिरकी झाली. दुसऱ्या प्रयत्नात ती सरळ वर आली. येथे दुसरा प्रयत्न मिळाला, आणि आगीच्या सत्राला काय कमी पडले होते ते तेव्हा अधिक जाणवले.

याच सत्रात एक गोष्ट कळली, जी मला अजिबात ठाऊक नव्हती. बराच वेळ जड वजनाखाली दबलेल्या माणसावरून ते वजन एकदम काढले की तो वाचतो असे आपल्याला वाटते, पण कधी कधी तो त्याच क्षणी दगावू शकतो. दबलेल्या स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे प्रथिन तिथेच साचलेले असतात. वजन हटताच ते रक्ताबरोबर शरीरभर जातात, पोटॅशियमने हृदयाची लय बिघडते आणि मायोग्लोबिन मूत्रपिंडांवर घाव घालते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर झालेल्या बॉम्बफेकीतील जखमींच्या अभ्यासावरून बायवॉटर्स आणि बील या संशोधकांनी १९४१ साली याचे वर्णन केले. म्हणून माणूस किती वेळ दबलेला आहे हे आधी विचारायचे व लिहून ठेवायचे, आणि वेळ बराच झाला असेल व तिथे दुसरा तातडीचा धोका नसेल तर वैद्यकीय पथक येईपर्यंत त्याच्याशी बोलत, त्याला ऊब देत थांबायचे. हात शिवशिवत असताना, उचलण्याचे कौशल्य आत्ताच आत्मसात केलेले असताना, ते न वापरता बसून राहणे ही माझ्या मते या वर्गातली सर्वांत अवघड शिकवण आहे. ती पुरेशा गांभीर्याने दिली गेली, याबद्दल मी प्रशिक्षकांची ऋणी आहे.

पथकाची रचना आणि नोंदींचे तक्ते यांवर झालेले व्याख्यान आवश्यक होते, पण लांबले. एका प्रमुखाच्या हाताखाली तीन ते सात माणसे असावीत, पाच असल्यास उत्तम, आणि प्रत्येकाने एकाच प्रमुखाला उत्तर द्यावे, एवढे त्याचे सार आहे. त्यातली शोध घेतलेल्या खोलीवर खूण करण्याची पद्धत मात्र मनात भरली. आत शिरताना दरवाजाशेजारी एक तिरकी रेघ ओढायची आणि बाहेर येताना तिला छेदणारी दुसरी. भिंतीवर एकच रेघ दिसली तर कोणीतरी अजून आत आहे, हे मागून येणाऱ्याला शब्दाविना कळते. फुलीच्या चार कोनांत पथकाचे नाव, बाहेर पडण्याची वेळ, आढळलेले धोके आणि सापडलेल्या माणसांची संख्या लिहितात.

मानसिक आधाराचे सत्र मात्र निराशाजनक झाले, आणि ही माझी दुसरी, अधिक गंभीर तक्रार आहे. तिसऱ्या दिवसाच्या अखेरीस, सगळे थकलेले असताना, जेमतेम ४० मिनिटांत ते उरकण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतील पाहा, ऐका आणि जोडून द्या ही तीन सूत्रे सांगितली गेली. ती उत्तम आहेत. माणसाला बळेच बोलते करू नये, खोटा दिलासा देऊ नये, त्याच्या निकडीच्या गरजा ओळखून त्याला त्याच्या माणसांशी किंवा योग्य मदतीशी जोडून द्यावे, हा त्यांचा आशय आहे. पण टूर्निकेट आम्ही चार वेळा बांधला, आणि आक्रोश करणाऱ्या माणसाशी काय बोलावे याचा सराव एकदाही केला नाही. काळी पट्टी बांधून पुढे गेलेल्या स्वयंसेवकाला त्या रात्री काय वाटेल आणि त्याने कोणाशी बोलावे, याविषयी तर दोन वाक्येच आली. ज्या प्रशिक्षणात माणसाकडून इतका कठोर निर्णय अपेक्षिलेला आहे, तिथे त्या निर्णयाचे ओझे कसे वाहायचे हेही शिकवलेच पाहिजे. चाळीस मिनिटांत ते होत नाही.

चौथ्या दिवशीच्या सरावाविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण तिथेच माझी खरी परीक्षा झाली आणि मी तीत कमी पडले. आधीच्या तुकडीतील १४ स्वयंसेवक जखमींच्या भूमिकेत इमारतीच्या दोन मजल्यांवर विखुरलेले होते. कृत्रिम रक्त, फाटलेले कपडे, अंधार करण्यासाठी लावलेले जाड पडदे, अशी तयारी होती. मी आणि माझ्या जोडीदार शिक्षिका दुसऱ्या मजल्यावर गेलो. दारातच एक तरुण पाय धरून किंचाळत होता. मी त्याच्यापाशी गुडघे टेकून बसले. त्याच्या पायाला त्रिकोणी पट्टी बांधली, त्याला धीर दिला, आणखी एक पट्टी काढली. शिक्षिकांनी दोनदा माझ्या खांद्यावर थाप मारली, ती मला जाणवली होती. तरी मी उठले नाही. उठले तेव्हा चार मिनिटे होऊन गेली होती. खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, उलथलेल्या टेबलाआड, एक स्त्री भिंतीला टेकून निमूट बसली होती. तिचा श्वास जलद चालला होता, हात दाबा म्हटल्यावर ती नुसती पाहत राहिली, आणि तिच्या मांडीखाली रक्ताचे थारोळे होते. तिच्या गळ्यातल्या कार्डावर लिहिले होते की दोन मिनिटांत रक्त न थांबवल्यास मृत समजावे.

सरावानंतरच्या चर्चेत प्रशिक्षकांनी मला दोष दिला नाही. ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, हे तो ओरडूनच सांगत असतो, गप्प असलेल्याकडे आधी जायला हवे, एवढेच त्यांनी सांगितले. हे वाक्य मी आधी ऐकलेले होते, वहीत उतरवलेही होते. तरीही हात त्या आवाजाकडेच गेले. त्या भूमिकेतल्या बाई नंतर माझ्याशी आपुलकीने बोलल्या. टेबलाआडून आपल्याला माझी पाठ दिसत होती आणि आपण सेकंद मोजत होतो, असे त्यांनी सांगितले. चार दिवसांत मला मिळालेले सर्वांत मोलाचे शिक्षण त्या एका वाक्यात होते, आणि ते एखाद्या व्याख्यानातून मिळू शकले नसते. म्हणून ज्या वर्गात शेवटचा सराव नाही, किंवा जिथे जखमींच्या जागी केवळ कागदी चिठ्ठ्या ठेवतात, तो वर्ग अर्धाच समजावा.

आता जे या वर्गात मुळातच नाही, त्याविषयी. चौथ्या दिवशी प्रमाणपत्र आणि हेल्मेट, गॉगल, हातमोजे, शिट्टी व पट्ट्या असलेली पिशवी हाती आली, आणि संबंध तिथेच संपला. उजळणीची तारीख नाही, प्रमाणपत्राला मुदत नाही, स्थानिक यंत्रणेच्या यादीत आमची नावे गेली की नाही याची माहिती नाही. सीपीआरसारखे हाताचे कौशल्य सरावाविना काही महिन्यांतच बोथट होते, हे प्रशिक्षकांनी स्वतःच सांगितले होते. मग वर्षानुवर्षे जुने होत जाणारे प्रमाणपत्र बाळगणारा माणूस हा न शिकलेल्या माणसापेक्षा अधिक धोकादायक ठरू शकतो, कारण त्याच्यापाशी कौशल्य उरलेले नसते आणि आत्मविश्वास मात्र तसाच असतो. फळ्यावरचा तो दुसरा आकडा चार दिवस आमच्यासमोर ठेवणाऱ्यांनी पाचव्या दिवसाचा विचार करू नये, हे मला खटकले. मी हे त्यांना लेखी कळवले आहे.

एका गोष्टीसाठी त्यांचे मनापासून कौतुक केले पाहिजे. आमच्यात गुडघ्यांच्या दुखण्यामुळे खाली बसू न शकणाऱ्या एक बाई होत्या आणि एका कानाने कमी ऐकू येणारे एक गृहस्थ होते. दोघांनाही कोणी कोपऱ्यात बसवले नाही. सरावात बाईंनी नोंदींचे टेबल सांभाळले. कोणती जोडी केव्हा आत गेली आणि कोण अजून परतलेले नाही, हे त्या अचूक सांगत होत्या, आणि माझी चार मिनिटेही त्यांच्याच तक्त्यामुळे उघडकीला आली. त्या गृहस्थांनी जखमींना उचलून नेण्याच्या कामाची धुरा घेतली. हे काम फक्त धडधाकट तरुणांचे आहे असे वाटून जे मागे राहत असतील, त्यांनी हे लक्षात घ्यावे. जपानमधील १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या बहुतेकांना त्यांच्या घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले होते, आणि शेजारी निवडून घेता येत नाहीत.

नाव नोंदवण्यापूर्वी काही प्रश्न जरूर विचारावेत. एका प्रशिक्षकामागे किती जण असतात, अग्निशामक आणि टूर्निकेट प्रत्येकाला किती वेळा हाताळायला मिळतात, खऱ्या माणसांसह शेवटचा सराव होतो का, आणि पुढच्या वर्षी उजळणीला बोलावतात का, एवढे कळले तरी वर्गाचा कस लक्षात येतो. शक्य असेल तर एकट्याने जाऊ नये. इमारतीतल्या किंवा कचेरीतल्या निदान आणखी एका माणसाला सोबत न्यावे, कारण जोडीने काम करण्याची सवय अनोळखी माणसाबरोबर लावून घेऊन आपण घरी एकटेच परततो. ही चूक मी केली. घरी आल्यावर शेजारच्या दोघांना टूर्निकेट आणि वर्गीकरणाच्या पायऱ्या दाखवल्या आहेत, आणि आमच्या जिन्यातल्या अग्निशामकाची तपासणीची तारीख उलटून गेली होती ते बदलून घेतले आहे.

पुढच्या तुकडीच्या सरावासाठी जखमींच्या भूमिकेत माणसे हवी आहेत असा निरोप आला, तेव्हा मी होकार कळवला. कोणती भूमिका हवी असे त्यांनी विचारले. टेबलाआडची मागून घेतली आहे.